परत आलेलें पत्र

पोंचलेल्या पत्राचें कौतुक सर्वांनाच असतें. परत आलेल्या पत्राकडे मात्र कोणी नीट पाहत नाहीं. टपालवाला ‘पत्ता सांपडत नाहीं’ असा शेरा मारलेला लिफाफा आणून देतो, तेव्हां निदान तो शेरा तरी आपण वाचतों. ई-मेलनें धाडलेलें पत्र परत आलें म्हणजे तेवढेंहि घडत नाहीं. दहापंधरा ओळींचा तो रुक्ष इंग्रजी मजकूर पाहून चांगला सुशिक्षित मनुष्यहि ‘यंत्र बिघडलें’ असें म्हणून मोकळा होतो. आमच्या मतें हा त्या पत्रावर अन्याय आहे.

आमच्या एका विद्यार्थिनीनें परगांवच्या एका विद्यापीठांत शिष्यवृत्तीसाठीं अर्ज केला होता. शिफारसपत्र आम्हीं परस्पर धाडावयाचें, आणि मुदतीचे दोनच दिवस उरलेले. पत्र धाडलें, तें मिनिटाभरांत परत आलें. पुन्हां धाडलें, पुन्हां परत. दुसऱ्या एका प्राध्यापकांचें पत्र मात्र त्याच पत्त्यावर बिनबोभाट पोंचलें होतें. त्यामुळें ‘दोष तुमच्याकडेच असला पाहिजे’, असें तेथील कचेरीनें फोनवर ऐकविलें. मुलीचें पुढील शिक्षण त्या एका कागदावर अडून राहिलें.

परत आलेल्या मजकुरांत कामाच्या गोष्टी तीनच होत्या: नकार देणाऱ्या सर्व्हरचें नांव, ५५० हा आंकडा, आणि ‘रिलेइंग डिनाइड’ हे दोन शब्द. यांचा अर्थ लावावयाचा तर थोडें मागें जावें लागतें. ई-मेलच्या देवघेवीचे नियम जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं ग्रथित केले. त्यांत चारानें सुरू होणारा आंकडा म्हणजे ‘तूर्त नाहीं, पुन्हां या’. पांचानें सुरू होणारा म्हणजे ‘कधींच नाहीं’. पुढल्याच वर्षीं पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांच्या नोंदवहीची, म्हणजे डी. एन. एस. ची, योजना मांडली. आणि अमक्या नांवाचें टपाल कोणत्या सर्व्हरकडे द्यावें, हें सांगणारी ‘एम. एक्स.’ नांवाची नोंद १९८६ च्या सुमारास तींत रूढ झाली.

रिलेची कथा जरा खेदकारक आहे. पूर्वीं कोणताहि सर्व्हर परक्याचें पत्र दुसऱ्या परक्याकडे पोंचवून देई. तो एक शेजारधर्मच होता. १९९० नंतरच्या दशकांत जाहिरातबाजांनीं त्याचा इतका गैरफायदा घेतला कीं, सर्वांना दारें लावून घ्यावीं लागलीं. आतां सर्व्हर घरच्या माणसांचें टपाल बाहेर धाडतो, घरच्यांसाठीं आलेलें आंत घेतो, आणि परक्यानें परक्यासाठीं आणलेलें नाकारतो.

मग आम्हीं त्या विद्यापीठाच्या नोंदी पाहिल्या. त्या कोणालाहि पाहतां येतात. तेथें टपाल घेणारे दोन सर्व्हर लिहिलेले होते आणि दोघांचा मान अगदीं सारखा. विद्यापीठानें आपलें टपाल नव्या सर्व्हरकडे नेलें होतें. जुन्याचें नांव काढावयाचें राहून गेलें होतें. मान सारखा असला म्हणजे धाडणारा दोहोंपैकीं कोणत्याहि एकाकडे जातो. नव्याकडे गेलेलें पत्र पोंचे. जुना मात्र ‘हें घर आतां माझें नव्हे’ या न्यायानें तें परक्याचें ठरवी. आणि नकार पांचाच्या आंकड्यानें दिलेला, म्हणून पत्र दुसऱ्या दाराकडे न वळतां थेट माघारीं येई.

प्रत्येक ठिकाणीं ‘पोस्टमास्टर’ या नांवानें आलेलें पत्र घेतलेंच पाहिजे असा नियम आहे. पण तेंहि याच दोन दारांपैकीं एकाशीं जावयाचें! म्हणून आम्हीं पुन्हां फोन केला आणि सर्व्हरचें नांव व आंकडा वाचून दाखविला. ‘दोष तुमचा’ ही भाषा तेथेंच थांबली. जुनी नोंद त्याच दिवशीं निघाली, आणि दुसऱ्या दिवशीं, मुदतीच्या आंत, पत्र पोंचलें. परंतु ज्यांचीं पत्रें त्या काळांत परत गेलीं आणि ज्यांनीं तो मजकूर वाचलाच नाहीं, त्यांच्या विद्यार्थ्यांचें काय झालें असेल, हा विचार मनांतून जात नाहीं.

या साऱ्या नियमावलींत आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें तें एकच कलम: ज्या सर्व्हरनें पत्र एकदां स्वीकारलें, त्यानें तें पोंचवावें, नाहीं तर पोंचलें नाहीं असें धाडणाऱ्यास कळवावें, मुकाट्यानें गिळून टाकूं नये. आमच्या कित्येक कचेऱ्यांत अर्ज स्वीकारला जातो, त्यावर शिक्काहि उठतो, आणि पुढें वर्षभर ना होकार ना नकार. अर्जदार वाट पाहत राहतो; दाद मागावी तर कोणाविरुद्ध, हेंहि त्याला कळत नाहीं. नकार कडू असतो खरा. पण कोणी नाकारलें आणि कां नाकारलें एवढें ज्या नकारांत लिहिलेलें असतें, तो माणसाला पुढचा दरवाजा दाखवितो. तेवढें सौजन्य एका निर्जीव यंत्रास शिकवितां आलें. सजीवांनीं तें शिकण्यास काय हरकत आहे?