तीन गावांची तीन भिंगे

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि तिथून पुढे महाबळेश्वर, हा सारा रस्ता जेमतेम तीसबत्तीस किलोमीटरांचा. पण तेवढ्यात पाऊस तीन प्रकारचा भेटतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास, पाचगणीला त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढा, आणि वाईला हजारही पुरा होत नाही. शाळेत याला 'पर्जन्यछाया' म्हणतात असे घोकले होते. ती छाया प्रत्यक्ष कशावर पडते, हे मी तीन वर्षांपूर्वी तीन जुन्या कॅमेऱ्यांच्या भिंगांत पाहिले.

वाई हे विश्वकोशाचे गाव. मराठीच्या मास्तराचे पाय तिकडे वळायचेच. तिथे माझे एक वडीलधारे स्नेही आहेत. त्यांच्या माजघरातल्या जाळीच्या कपाटात, दुधाची भांडी जिथे असायची त्या फळीवर, एक आगफा क्लिक थ्री बसलेला असतो. कव्हर नाही, पेटी नाही. त्याची कातडी पिशवी वेगळी, खुंटीला टांगलेली. "वारा खाऊ द्यावा त्याला," एवढेच त्यांचे शास्त्र. दिवाळीच्या पाडव्याला ते त्यात न चुकता रोल भरतात. भिंग असे स्वच्छ, की आजच दुकानातून आणले असावे!

पाचगणीचे माझे मित्र शास्त्राचे शिक्षक. त्यांचा कॅमेरा हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी आणि घड्याळाएवढा आर्द्रतामापक. काटा चाळीस आणि पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. साठ-पासष्टच्या वर गेला की बुरशीचे फावते; आणि फारच खाली उतरला तर कातडे तडकते, आतले वंगण सुकते. नारिंगी खडे हिरवे पडले की त्यांनी ओल भरपूर पिऊन घेतली असे समजावे आणि ते भट्टीत तापवून पुन्हा कोरडे करावेत. निळे खडेही मिळतात, ते गुलाबी होतात. पण त्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, तेव्हा स्वयंपाकाच्या तव्यावर ते कदापि भाजू नयेत. पुष्कळ घरांत डब्यात तांदूळ घालतात. त्याची पूड भिंगावर बसते, आणि ती बुरशीलाच मेजवानी. सर हे सारे इतक्या तपशिलाने सांगत होते, की माझा चहा निवला.

महाबळेश्वरला माझे थोरले मामा राहतात. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, वेण्णा तलावाकाठी प्रवाशांचे फोटो काढीत. त्यांचा जर्मन रोलायफ्लेक्स, एकावर एक दोन भिंगांचा: वरच्यातून पाहायचे, खालच्याने टिपायचे. माझ्या आईचा परकरपोलक्यातला एकुलता एक फोटो त्याच खालच्या भिंगाने काढलेला. मामांनी तो कॅमेरा देवासारखा जपलेला. आधी कातडी कव्हर, त्यावर मखमल, मग सागवानी पेटी, आणि पेटीत डांबराच्या गोळ्या. गोळ्यांनी कसर जाते, दमटपणा जात नाही.

आणि महाबळेश्वरचा दमटपणा! पावसाळ्यापूर्वी भिंतींना बाहेरून गवताच्या ताट्या बांधाव्या लागतात. धुके दार लोटून घरात येते, मीठ पाझरते, काडी पेटत नाही. कातडे आणि मखमल ही ओल चार महिने धरून ठेवतात. मी मागचे झाकण उघडले, पडदा उघडा ठेवला आणि पलीकडून बॅटरी लावली. खालच्या भिंगाच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू आत सरकलेले.

"अरे, मी वारासुद्धा लागू दिला नाही रे त्याला," मामा म्हणाले.

"म्हणूनच," मामी आतून म्हणाली.

पुण्याच्या एका जुन्या कारागिराने ते भिंग उघडून पुसले. धूळ, बोटांचा ओशटपणा, तेलाचा अंश, एवढ्यावर बुरशी जगते आणि जगताना आम्ल सोडते. ते काचेवरचा लेप खाते, पुढे काचही. "बुरशी गेली, तिचे दात उमटलेत," कारागीर म्हणाला, "उजेडाकडे तोंड करून फोटो घेऊ नका." उन्हात ठेवून पाहू का, या माझ्या प्रश्नावर त्याने मान हलवली. सकाळचे कोवळे ऊन थोडा वेळ चालेल. परंतु उन्हाने वंगण वितळून पाघळते, आणि भिंग सूर्याकडे रोखले तर ते आगकाडीचे काम करते.

प्रश्न राहिला पुढच्या पावसाळ्याचा. विजेवर चालणारे कोरडे कपाट मामांना पटेना, आणि ते बरोबरच होते; आषाढात त्यांच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते. कॅमेरा घराबाहेर द्यायला मात्र त्यांचा जीव होईना. दोन दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत. अखेर तोडगा मामीने काढला. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या गव्हर्नराचा उन्हाळी मुक्कामदेखील पाऊस लागला की इथून हलत असे. मग कॅमेऱ्यानेच काय घोडे मारले? मृग लागायच्या आत तो खाली वाईला, स्नेह्यांच्या जाळीच्या कपाटात जाईल. मामांनी एक अट घातली: खंडेनवमीच्या पूजेला तो वर आलाच पाहिजे.

गेल्या वर्षी मी तो मांडीवर घेऊन एस. टी.ने वर नेला. मामीने पाट मांडला. पाणी शिंपडायचे नाही, हळदकुंकू पाटाला, झेंडूचे फूल शेजारी, असे सगळे आधीच ठरले होते. रोलचे बारा फोटो. अकरा मामांनी नातीच्या धाकट्या मुलीवर खर्च केले. बारावा मामीचा, खिडकीकडे पाठ करून बसलेली असताना घेतलेला. मी सांगत होतो, पण मामा ऐकतात थोडेच! तो फोटो धूसर आला आहे. कडेने दुधाळ पडदा धरल्यासारखा. मामीला मात्र तोच सर्वांत आवडतो. तिच्या मते त्यात तिच्या सुरकुत्या दिसत नाहीत.