सिस्टर, जरा हात बघता का?

आमच्या होस्टेलचा एक अलिखित नियम आहे. ‘सलाईन लावलं’ म्हणजे आजार मोठा, आणि ‘नुसत्या गोळ्या दिल्या’ म्हणजे डॉक्टर साधा! भेटायला येणारा प्रत्येक जण बाटलीकडे बघतो. ती हाताला जिथे जोडलेली असते तिथे कुणाचं लक्ष नसतं. गेल्या पावसाळ्यात माझी रूममेट डेंग्यूने ऍडमिट झाली, चार रात्री मी तिच्याजवळ बसले, आणि या छोट्याशा जागेत केवढं इंजिनिअरिंग आहे ते कळलं.

पहिला धक्का म्हणजे, हातात सुई राहतच नाही. सुई फक्त वाट करून देते आणि बाहेर येते. शिरेत राहते ती मऊ प्लॅस्टिकची नळी, कॅन्युला. वॉर्डात तिला सगळे ‘इंट्राकॅथ’ म्हणतात. रंगावरून माप कळतं : हिरवी १८ गेज, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. आपल्या वायरसारखंच, आकडा वाढला की नळी बारीक. आता फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. बाकी सगळं तेच ठेवून त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह सोळावा हिस्सा! मग सगळ्यांना जाडच का नाही लावत? रात्रपाळीच्या सिस्टरना मी विचारलंच. त्या हसून म्हणाल्या, “अगं, शीर केवढी आहे ते नको का बघायला? नळीच्या बाजूने रक्त वाहायला जागा पाहिजे ना!”

तिसऱ्या रात्री रूममेट म्हणाली, “हात ठणकतोय गं.” थेंब व्यवस्थित पडत होते. आपल्या भाषेत सिस्टीम चालू! पण सिस्टरनी टॉर्च लावून बघितलं, बोटांनी हलकेच दाबलं. जागा लाल, गरम, जराशी सुजलेली. शिरेला दाह, म्हणजे फ्लेबायटिस. त्यांनी लगेच सलाईन बंद केलं, नळी काढली आणि दुसऱ्या हाताला नवीन लावली. दुर्लक्ष झालं तर अशाच जागेतून जंतू रक्तात शिरू शकतात. आणि सलाईन शिरेबाहेर मांसात जात असलं तरी थेंब काही वेळ पडतच राहतात, हे त्यांच्याकडूनच कळलं.

पूर्वी ठरावीक दिवसांनी नळी बदलायचीच अशी पद्धत होती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ३,२८३ रुग्णांवर याचा अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका गटाची नळी तिसऱ्या दिवशी बदलली, दुसऱ्याची गरज पडली तेव्हाच. फ्लेबायटिस दोन्हीकडे ७ टक्के! म्हणजे उगाच टोचायची गरज नाही. मेकॅनिकलवाले याला कंडिशन-बेस्ड मेंटेनन्स म्हणतील. फक्त त्याला सेन्सर लागतो, आणि इथे सेन्सर म्हणजे सिस्टरचे डोळे. एक सिस्टर, अख्खा वॉर्ड आणि रात्रीचे तीन.

म्हणून मित्रांनो, पेशंटजवळ बसायची पाळी आली तर मोबाईलवरून नजर काढून अधूनमधून त्या हाताकडे बघा. दुखतंय का, विचारा. पट्टी ओली, सैल किंवा मळकी झाली का, बघा. नळीला स्वतः हात लावू नका. थेंब अडले म्हणून चाक फिरवू नका. सरळ हाक मारा, “सिस्टर, जरा हात बघता का?” भल्या सिस्टरला या हाकेचा राग येत नाही. औषध संपल्यावर ‘ही नळी अजून लागणार आहे का?’ हेही विचारा. जी नळी काढून टाकली, ती त्रास देत नाही.