डाव सोडण्याची कला

शिवमंदिर परिसरात राहून मुंबईत नोकरी करणाऱ्याचे वाचन, झोप आणि पत्ते हे सारे लोकलमध्येच उरकते. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या डब्यात मांडीवरच्या ब्रीफकेसवर रमी चाले. पॉइंटला दहा पैसे.

तेरा पाने. जोकराशिवायचा एक सिक्वेन्स आधी लावायचा. तो नसताना समोरच्याने डाव मांडला, तर हातातली सगळी पाने अंगावर येतात. राजा, राणी, गुलाम दहा-दहाचे, म्हणून थोरामोठ्यांना फार काळ बाळगू नये! पण खरी परीक्षा पाने उचलताच असते. वीस पॉइंट देऊन मुकाट बाजूला व्हायचे, की ऐंशीचा धोका पत्करायचा? आमच्यातले सर्वांत मुरलेले खेळाडू, एक बँक कारकून, दर तीन डावांतला एक तरी सोडून देत. आम्ही त्यांना भित्रे म्हणत असू. महिनाअखेरीस पैसे मात्र त्यांच्याच खिशात.

रमी तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही, पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले. मात्र पैसे लावलेल्या रमीतून क्लबमालक नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो, अशी पुस्तीही जोडली. ‘कौशल्याचा खेळ’ म्हणून मोबाइलवर रमीच्या जाहिराती झळकल्या तेव्हा ती पुस्ती कोणाला आठवली नाही. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा संमत झाला.

त्या मोबाइलच्या डावात उतरायचे स्टेशनच नव्हते. आमच्या डावाला दादर होते. तिथे हिशेब मिटे, फार तर चहाचे पैसे इकडचे तिकडे होत.