टाळ वाजतो, वीणा वाजते

नरसी नामदेव गावात भजन रंगलं की टाळ वाजतो, वीणा वाजते आणि दारातल्या लेकराच्या पायातलं घुंगरू वाजतं. कयाधूकाठच्या पाच वर्षांच्या पोराला यातलं लिंग कुणी शिकवलेलं नसतं. चुकलं की आजी हसते, एवढीच त्याची शिकवणी.

तेच पोर मोठेपणी स्पॅनिश शिकायला बसलं की कुरकुरतं. पुस्तक 'एल लिब्रो', म्हणजे पुल्लिंगी. टेबल 'ला मेसा', म्हणजे स्त्रीलिंगी. टेबल बाई कशी? पण मराठीत भिंत 'ती' आणि दगड 'तो' कसा, हे तरी त्याला कुठे सांगता येतं!

फरक आहे तो जागेचा. मराठी नाम एकटं उभं असतं. त्याचं लिंग शेजारच्या शब्दात बोलतं. मोठा दगड, मोठी नदी, मोठं झाड. स्पॅनिशात मात्र एल किंवा ला नामाच्या पुढेच चालतात, दिंडीपुढच्या पताकेसारखे. 'ओ'वर संपणारी नामं बहुधा पुल्लिंगी, 'आ'वर संपणारी बहुधा स्त्रीलिंगी. पण हात म्हणजे 'ला मानो' आणि दिवस म्हणजे 'एल दीआ'. आपला चंद्र तिथे 'ला लूना' होतो.

परंपरेनुसार १२७० साली नरसीत जन्मलेल्या संत नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. त्यांच्या मराठीत तीन लिंगं आणि पंजाबीत दोन. संस्कृतचं नपुंसकलिंग मराठी, कोकणी, गुजरातीने जपलं, हिंदी-पंजाबीने सोडलं. लॅटिनमध्येही तीन होती, स्पॅनिश नामांकडे दोनच आली. म्हणून दूध मराठीत 'ते', पंजाबीत पुल्लिंगी आणि स्पॅनिशात 'ला लेचे'.

लिंग बदललं की अर्थही बदलतो. मराठीत 'वेळ गेला' म्हणजे तास वाया गेले. 'वेळ आली' म्हणजे घटका भरली. स्पॅनिशात 'एल कूरा' म्हणजे पाद्री आणि 'ला कूरा' म्हणजे उपचार. गाडा मोठा, गाडी लहान, ही मराठीची रीत. स्पॅनिशात उलटही दिसतं: 'एल चार्को' म्हणजे डबकं, 'ला चार्का' म्हणजे त्याहून मोठं तळं.

तेव्हा स्पॅनिशची वही उघडलीत तर नुसतं 'मानो' लिहू नका. 'ला मानो' लिहा, आणि मोठ्याने म्हणा.