सीतापूर ते लक्ष्मणपूर

अंदमानातलं नील बेट आठवलं की मला समुद्राच्या आधी दादाची पाठ दिसते. घामाने चिकटलेला चौकड्यांचा शर्ट, आणि त्याच्या दोन्ही अंगांना उरलेलं बेट. पुण्यात त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी शाळेत गेले, तेव्हा ती पाठ मला तोंडपाठच. नीलवर आम्ही भाड्याने दोन सायकली घेतल्या, तरी मी आपली मागेच.

बेटाचं सरकारी नाव २०१८ पासून शहीद द्वीप. सत्तावनच्या उठावात माणसं झाडांना टांगत निघालेल्या जेम्स नीलचं नाव इतकी वर्षं टिकलंच कसं, हा दादाचा विषय जेट्टीवरच सुरू झाला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने इथे वसवलं. गावांची नावं रामायणातली. सीतापूर पूर्वेच्या टोकाला, लक्ष्मणपूर पश्चिमेच्या. "दीर-भावजयीला बरोबर लांब ठेवलंय," म्हणून स्वतःच हसला.

दोन टोकांमध्ये अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटरचं. आम्हाला अख्खा दिवस लागला. सीतापूरला सूर्योदय पाहून निघालो, तर पहिल्याच वळणावर दादा भाजीच्या मळ्यात शिरला. इथली भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरला जाते, हे त्याला कळलं मात्र, वांग्यांचा भाव विचारून झाला, मंडईतल्या भावाशी ताडून झाला. घ्यायचं काहीच नव्हतं. पुढे सुपारीच्या बागा, भाताची खाचरं, मधूनच झाडांमागे हिरवट-निळं पाणी. भरतपूरला त्याने पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा उचलला. इथून प्रवाळ न्यायला बंदी आहे, हे मी सांगितल्यावर तो होता तिथेच, अगदी त्याच खळग्यात, नेऊन ठेवला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडी कमानीपाशी तर तासभर गेला. लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. निसरड्या खडकांवर मात्र त्याने मला पुढे घातलं. "तू पड, मी उचलतो."

लक्ष्मणपूरला पोचलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारासच मावळतो. घड्याळ आपलं, मिर्झापूरजवळच्या रेखांशावरचं, सूर्य त्यांचा. दादा खवळला. आसामातले चहाचे मळे एक तास पुढचा 'बागान टाइम' पाळतात, मग या बेटांनी काय घोडं मारलंय? पुण्याला गेल्यावर वर्तमानपत्राला पत्रच लिहितो, म्हणाला. वाचकांच्या पत्रव्यवहारात त्याचं नाव अधूनमधून यायचंच.

दादा गेल्यावर वहिनीने त्याचे कागद आवरायला मला बोलावलं. विजेची बिलं, पासबुकं, आणि त्यात ते पत्र. 'माननीय संपादक यांस' पासून सुरू होऊन रेखांशांपाशी अडलेलं. "पुरं करून पाठवून दे," वहिनी म्हणाली. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, रेखांश तपासले, बागान टाइमचा मुद्दा घातला. एक वाक्य तेवढं खोडलं. धाकटी बहीण सारखी मागे पडत असल्याने आमचा सूर्यास्त हुकला, असं लिहून ठेवलंय त्याने. साफ खोटं. लक्ष्मणपूरच्या अलीकडे दुसऱ्यांदा चहाला तोच थांबला होता.