पंधरा किलो आणि साडेतीन हजार मीटर

गेले आठ दिवस आमच्या घरी एकच उद्योग चालू आहे. बॅग भरणे! पुढच्या शनिवारी आम्ही तिघं, म्हणजे आई, बाबा आणि मी, लेहला निघतोय. "यादी पाठव रे, आम्हालाही जायचंय" असं ऑफिसातल्या निदान चार जणांनी सांगून ठेवलंय, तेव्हा म्हटलं या वीकेंडला तीच लिहून काढू.

तर मंडळी, सुरुवात काय न्यायचं नाही यापासून. छत्री! वसईच्या माणसाला सप्टेंबरात छत्रीशिवाय घराबाहेर काढणं सोपं नाही. आईने ती तीनदा बॅगेत घातली, मी तीनदा काढली. लेहला अख्ख्या वर्षात मिळून साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैमध्ये तेवढा एका दिवसात पडतो आणि नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जातात. फोटोत बर्फाचे डोंगर दिसतात म्हणून आपण लेहला 'थंड हवेचं ठिकाण' समजतो. प्रत्यक्षात ते वाळवंट आहे. ढग हिमालयाच्या अलीकडेच रिकामे होतात, पलीकडे पोचते ती कोरडी हवा. आपल्याकडे पावसाळ्यात जीन्स तीन दिवस वाळत नाही, तिकडे ओठ वाळतात.

त्यामुळे यादीत पहिलं व्हॅसलीन आणि सनस्क्रीन. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, म्हणजे हवा थंड असली तरी चामडी भाजतेच. आईचं म्हणणं, पाँड्स पावडर पुरे. नाही पुरत. गॉगल तिघांनाही, हॅट तिघांनाही. कपडे एकावर एक चढवता-उतरवता येतील असे: आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. दुपारी टी-शर्ट चालतो आणि रात्री पारा एक आकडी होतो. आमचे थर्मल एका मित्राकडून उसने आणलेत. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा असा वास येतोय की लडाखमधले याकसुद्धा लांब पळतील. असो.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, म्हणून तिघांत मिळून एक तरी पोस्टपेड. पुन्हा पुन्हा भरता येईल अशी पाण्याची बाटली प्रत्येकाला एक. खाण्यात मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि आगाशीची सुकेळी. सुकेळीवर मात्र माझा काही आक्षेप नाही. राजेळी केळं उन्हात वाळवलं की वजन कमी, टिकतं भरपूर आणि पोटभर होतं. प्रवासासाठी याहून चांगलं डिझाइन मी तरी पाहिलेलं नाही. चेक-इनला पंधरा किलो आणि हातात सात. आमच्या बॅगा साडेतेरापर्यंत आल्यात, म्हणजे येताना जर्दाळूंसाठी दीड किलो शिल्लक.

एवढी यादी इंटरनेटवर कुठेही मिळेल. पण जी वस्तू लेहला सगळ्यात कमी पडते ती बॅगेत भरता येत नाही. हवा.

वसई समुद्राला लागून आणि लेह साधारण ३५०० मीटरवर. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे लेहच्या निम्म्याहून कमी. वर ऑक्सिजनचं प्रमाण घटतं असं आपण म्हणतो, ते तितकंसं बरोबर नाही. प्रमाण तेच, २१ टक्के. घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवर १०१३ मिलीबार, लेहला साधारण ६६०. म्हणजे तोच श्वास घेतला तरी आत येतो दोन-तृतीयांश माल. शरीर हे जमवून घेतं, श्वास वाढवतं, रक्तात बदल करतं. पण त्याला वेळ लागतो, तासांचा नाही, दिवसांचा. आणि आपण काय करतो? मध्यरात्री वसईहून टॅक्सी पकडतो, दिल्लीला विमान बदलतो आणि त्याच सकाळी साडेतीन हजार मीटरवर उतरतो.

"मला काही होत नाही," हे बाबांचं पहिलं वाक्य. "पस्तीस वर्षं विरार फास्ट पकडली आहे. त्या डब्यात कुठे हवा होती?" गेला महिनाभर ते रोज सकाळी जीवदानीच्या पायऱ्या चढून सराव करतायत. कौतुक आहेच, पण उंचीचा त्रास दमसासाशी बांधलेला नाही. मॅरेथॉन धावणाऱ्या तरुणाला होतो आणि शेजारच्या आजींना होत नाही, असंही घडतं. कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही, किती वेगाने वर गेलात एवढंच आपल्या हातात असतं.

बाबांचं वय एकसष्ट, बीपीची गोळी चालू. आमच्या डॉक्टरांनी तपासून "जा, पण घाई करू नका" असं सांगितलं. डायमॉक्स द्यायची की नाही, किती द्यायची, हे त्यांनीच ठरवलं. तुम्हीही मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर आधी सांगायलाच हवं, शिवाय ती लघवी वाढवते आणि बोटांना मुंग्या आणते. ती शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण दिवसांची भरपाई करत नाही.

टूरवाल्याचा मूळ प्लॅन असा होता: पहिला दिवस आराम, दुसऱ्या दिवशी नुब्रा, चौथ्या दिवशी पँगाँगला मुक्काम. मी तो एक्सेलमध्ये टाकला आणि समोरच्या रकान्यात फक्त रात्री झोपण्याची उंची लिहिली. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा डॉक्टरी संकेत आहे. लेह ३५००, पँगाँग साधारण ४२५०. एका उडीत साडेसातशे. शिवाय तिथून मोठं हॉस्पिटल म्हणजे परत लेह, मध्ये पाच-सहा तासांचा घाट. पँगाँग कापलं.

'थ्री इडियट्स'पासून (२००९) तो तलाव आईच्या डोक्यात आहे. ती दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होती. मग मी नुब्रामधलं हुंडर दाखवलं: वाळूच्या टेकड्या, दोन मदारींचे उंट आणि झोपायची उंची साधारण ३१०० मीटर, म्हणजे लेहपेक्षाही खाली. मध्ये खारदुंग-ला लागतो खरा. तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, मोजमापाप्रमाणे तो साधारण १७,६०० भरतो, पण तिथे फोटो काढून दहा मिनिटांत उतरायचं आहे. आता लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण रिकामे. तिसऱ्या दिवशी आसपासचे गोंपे, मग नुब्रा. नातेवाईक म्हणतात, एवढे पैसे घालून दोन दिवस नुसतं हॉटेलात लोळायचं? हो, लोळायचं! प्रोजेक्टमध्ये जसा बफर ठेवतो, तसाच हा. मॅनेजर तिथेही आधी बफरच कापतो आणि मग काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

इथपर्यंत सगळं गणित होतं. खरी अडचण गणितात नव्हती, ती बाबांमध्ये होती.

उंचीच्या आजाराचं निदान करायला कुठलंही मशीन नाही. ऑक्सिमीटर आहे आमच्याकडे, कोविडच्या वेळचा. पण लेहला तो धडधाकट माणसालाही नव्वदीच्या आसपास किंवा त्याखाली आकडा दाखवू शकतो, नुसत्या त्यावरून काही ठरत नाही. डॉक्टर वापरतात तो 'लेक लुईस स्कोअर' अगदी साधा आहे. चार प्रश्न: डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा, चक्कर. प्रत्येकाला शून्य ते तीन. नवीन उंचीवर गेल्यावर डोकं दुखतंय आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर आजार आहे असं धरायचं आणि आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तर प्रश्न विचारत बसायचं नाही, ऑक्सिजन आणि ताबडतोब खाली.

म्हणजे सगळी सिस्टीम एका इनपुटवर चालते: माणसाने खरं सांगणं. आणि आमचे बाबा? एका वर्षी मुतखड्याने कळवळत असताना त्यांनी गणपतीचे पाच दिवस हसतमुखाने काढले आणि विसर्जन करून आल्यावर म्हणाले, "जरा रिक्षा बोलव." आई म्हणते, "ह्यांना विचारूच नकोस, हे 'काही नाही' असंच म्हणणार." खरं आहे. आमच्या घरात दुखणं सांगणं म्हणजे दुसऱ्याचा मूड घालवणं. वसईत ते खपून जातं, कोपऱ्यावर डॉक्टर आहे. लेहला विमानं सकाळच्या वेळेतच असतात. संध्याकाळी लपवलेली डोकेदुखी रात्री वाढली तर सकाळपर्यंत खाली उतरायला विमान नाही.

गुरुवारी रात्री जेवणानंतर मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही तिकडे 'काही नाही' म्हणालात तर मला कळायला दुसरा मार्गच नाही. तुम्ही खरं सांगणार असाल तर जाऊ, नाहीतर तिकिटं रद्द करतो." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कपाटातून एक लांब वही काढून आणली. आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस! रकाने आखले: तारीख, वेळ, चार लक्षणं, बेरीज. तिघांची तीन पानं, सकाळ-संध्याकाळ नोंद. कुणाचीही बेरीज तीन झाली की तिघांचाही कार्यक्रम थांबणार, चर्चा नाही. लेहच्या सोनम नोरबू मेमोरियल हॉस्पिटलचा नंबर पहिल्या पानावर.

काल सहज वही उघडली. बाबांनी सराव म्हणून स्वतःच्या पानावर पहिली ओळ भरली होती. ०, ०, ०, ०. आणि समासात बारीक अक्षरात, कुठल्याच रकान्यात न बसणारं: "उजवा गुडघा – २. पायऱ्यांमुळे. महिनाभर."

आज सकाळपासून जीवदानी बंद. क्रेप बँडेज यादीत वाढवलंय, वजन चाळीस ग्रॅम. तुमच्या यादीतही एक वही टाका. परत आलो की फोटो टाकतोच.