निमोण्याचा केक

दिवाळीच्या अंकात नाताळाच्या केकची गोष्ट कशाला, असे वाचक म्हणतील. पण निमोण्यात ज्या उंबऱ्यावरून दिवाळीचे ताट जाते, त्याच उंबऱ्यावरून नाताळाचे ताट परत येते, म्हणून सांगतो.

गेल्या डिसेंबरात नगरच्या रस्त्याने शिरूर गाठले आणि तिथून उसाच्या मळ्यांतून निमोण्याला गेलो. या मुलखाला ख्रिस्ती शेजार नवा नाही. शिरूरला एकोणिसाव्या शतकातच अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले होते आणि शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे राहिले.

आमच्या यजमानीणबाई निवृत्त शिक्षिका. केकची भट्टी म्हणजे चुलीवरचे मोठे पातेले! तळाला दोन बोटे वाळू, तीवर केकचा डबा, झाकणावर निखारे. "नुसती खालून आच दिली तर माथा कच्चा राहतो," बाई म्हणाल्या. बेदाणे, मनुका, काजू रात्रभर संत्र्याच्या रसात भिजले होते. ते निथळून त्यांना मैदा चोळला, नाहीतर सारे तळाशी बसतात. पाव किलो मैद्याला थोडा कमी गूळ, लोणी, आणि दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ.

पहिला केक मात्र बिनअंड्याचा होता. अंड्यांऐवजी वाटीभर दही आणि जरासा सोडा, भांडेही निराळे.

"हा शेजारच्या आक्कांचा," बाई म्हणाल्या. "त्या माळकरी. पहिल्या वर्षी मी विचार न करता नेहमीचाच केक नेला. त्यांनी हसून घेतला. पुढे नातवंडांकडून कळले, आजीने चाखलाच नाही. आधी वाईट वाटले. मग वाटले, चूक माझीच. पाहुण्याचे पथ्य न विचारता वाढले, त्याला आग्रह कसा म्हणावा?"

संध्याकाळी आक्का आल्या. केकचा तुकडा तोंडात टाकून म्हणाल्या, "बाई, यंदा सुंठ जास्त पडली हो!"

बाई मनापासून हसल्या. परका माणूस गोडच म्हणतो. उणे काढायला घरचेच माणूस लागते.

निघताना आक्कांनी केकचे ताट नेले. ते रिकामे परतणार नाही, हे सांगायला नकोच. दिवाळीला त्यात करंज्या असतील.